शेरा

पहाटे साडेचारला मीटर पाण्यात सोडते.
प्राणवायू : दोन पूर्णांक एक.
ओढणीला हात पुसून वहीत लिहिते.
कुंभारगावच्या काठापासून होडीनं दहा मिनिटं,
छत्तीस पिंजरे, तरंगती निळी पिंपं,
आणि जाळ्याजाळ्यात चिलापी,
इतकी दाट की पाणी कमी, पाठीच जास्त.

पाण्यावर हिरवी साय धरलीय.
ती आमची एकट्यांची नाही.
पुण्यात परवा ज्यांनी भांडी घासली, मोऱ्या धुतल्या,
त्यांचंही थोडं आहे तिच्यात.
मुळा-मुठा काही विसरत नाही,
सगळं भीमेच्या हाती देते,
भीमा आमच्या.
वर आम्ही रोज तीन पोती टाकतो.
खाल्लं त्याची विष्ठा, राहिलं त्याचा गाळ.
तळाला काठी टोचली की बुडबुडा येतो
सडक्या अंड्याच्या वासाचा.

खाद्य इथंच मळतो : पेंड, कोंडा, मासळीची कुटी.
मंगळवारी कुटी चाळताना
चाळणीत एक राहिली.
बोटभर. अख्खी.
चांदी उडालेली, कल्ल्यापाशी जराशी उरलेली,
डोळ्याच्या जागी भोक.
मी शिकलेय, मला नाव येतं : तारली.
आणि हेही येतं, की एवढ्या लांबीची तारली
म्हणजे एकदाही अंडी न घातलेली.

तुळशीराममामा मल्लावांनी ती नखावर उलटीपालटी केली.
"ही आपल्या पाण्यातली न्हाय."
"नाही मामा. रत्नागिरीकडची."
"मग हितं काय करतीय?"
"आपल्या माशांना घालतो आपण."
विडी विझेपर्यंत ते गप्प.
"म्हंजी मासं धरायचं, मासं वाढवाया."
"हो."
"किती धरायचं?"
आकडा मला पाठ होता, परीक्षेला आला होता.
नाही सांगितला.

मामांच्या स्वतःच्या जाळ्यात हल्ली चिलापीच,
आमच्याच फाटक्या पिंजऱ्यांतून सुटलेली.
जाळं झटकताना ते जुनी नावं घेतात
हजेरी घ्यावी तशी :
आहेर. वांब. कानस. शिवडा.
कुणी हजर म्हणत नाही.

भीमाशंकरहून कोकण हाकेवर आहे.
तिथल्या उताराला लागलेलं पाणी
दोन दिवसांत खारं होत असेल.
भीमा मात्र पाठ फिरवते
आणि अख्खी दख्खन तुडवत पूर्वेला जाते.
तारली डिझेलवर घाट चढून आली.
इथं चिलापीच्या पोटात गेली, बाहेर पडली, विरघळली.
आता कृष्णेतून उतरेल भलत्याच समुद्रात,
मासा म्हणून नाही,
शेवाळाचं खत म्हणून.

गुरुवारी आकडा शून्य पूर्णांक सहा.
अंधारात नुसता चपचप आवाज,
हजारो तोंडं हवा चावतायत.
उजाडेस्तोवर चार पिंजरे पांढरे.
कदमबांडे साहेबांचा फोन कोथरूडहून :
आधी फोटो काढ, विम्याला लागतात.
मग खड्डा. चुना.
आणि शनिवारी हॉटेलांना कमी पडू देऊ नकोस.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
दोन वर्षं मी तिथं एकच शब्द लिहितेय, निरंक.
त्या दिवशी लिहिलं :
तारली, एक नग. लांबी नऊ सेंटिमीटर.
पुढे काय लिहावं ते सुचेना.
खाद्याच्या रकान्यात तीनच्या जागी दोन केलं.
साहेब विचारतील.
विचारू देत.

तारली त्याच पानात ठेवलीय.
आता वही उघडली की वास येतो.
"समुद्राचा वास असाच का गं?" मामा विचारतात.
मी एकदाच गेले होते, शाळेची सहल, हर्णैला.
तेव्हा चप्पल वाहून जाईल म्हणून
हातात धरून उभी होते,
सगळं लक्ष चपलेत.
"असावा," म्हणाले,
आणि मीटर पुसायला घेतलं.